घोड्यावर बसणारी मुले पुढे काय होतात?

घोडा कोणी पाहिला नाही? लग्नात नवरदेव घोड्यावर बसतो. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून तिथे लोक घोड्यावरून हिंडतात. सारंगखेड्याच्या यात्रेत तर घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पण लहानपणी घोडेस्वारी शिकून पुढे त्यावरच पोट भरणारी माणसेही असतात. ती कशी घडतात, ते आज पाहू.

आठ-दहा वर्षांचे मूल स्वारी शिकायला जाते. त्याला वाटते, आता टाच मारायची की घोडा सुटला भरधाव! पण पहिला धडा जमिनीवरच असतो. घोड्याला खरारा करायचा. खुरात अडकलेले खडे काढायचे. ठाण झाडायचे. घोड्याला आपल्या थेट पाठीमागचे दिसत नाही. मागून कोणी आले की तो बिचकतो आणि लाथ मारतो. म्हणून त्याच्या खांद्याच्या बाजूने, हळू बोलत जवळ जावे. त्याचे शरीर मोठे, पण पोट लहान. शिवाय त्याला ओकता येत नाही. एकदम जास्त दाणा खाल्ला तर पोटशूळ उठतो, आणि त्यात जीवही जातो. म्हणून तोबरा बेताचा आणि वेळच्या वेळी द्यावा लागतो. हे सगळे अंगवळणी पडले म्हणजे निम्मी विद्या आली.

मग मांड बसवायची. गुरुजी मधे उभे राहतात आणि लांब दोरीने घोडा गोल फिरवतात. मुलाच्या हाती लगाम देत नाहीत. कधी रिकिबीतले पायही काढायला लावतात. असे का बरे? लगामाची कडी घोड्याच्या तोंडात असते आणि तोंड फार नाजूक असते. ज्याला तोल सांभाळता येत नाही, ते पोरगं लगामाला लोंबकळतं. दुखतं ते घोड्याला. म्हणून आधी तोल, मागून लगाम. डोक्यावर कडक टोपी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. पडणे कोणाला चुकलेले नाही.

आता मोठे झालेल्या मुलांची गोष्ट ऐका. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत आपल्या स्वारांनी सुवर्णपदके मिळवली. त्यानंतर सोने आले ते थेट ४१ वर्षांनी, २०२३ साली, चीनमधल्या हांगझोऊ शहरात. हा खेळ शर्यतीचा नव्हता. ठरलेल्या चौकोनात घोड्याने ठरलेल्या चाली कशा टाकल्या, याला गुण होते. आपल्या संघात चौघे होते. कोलकात्याचा अनुष अगरवाला, मुंबईचा हृदय छेडा, जयपूरची दिव्यकृती सिंग आणि इंदूरची सुदीप्ती हजेला. या खेळात बाई आणि पुरुष एकाच मैदानात, एकाच नियमाने उतरतात.

यातला अनुष लहानपणी शिकण्यासाठी कोलकात्याहून दिल्लीला जात असे. सतरा वर्षांचा झाला आणि जर्मनीला गेला. २०२४ साली तो पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये उतरला. बंगळूरच्या फवाद मिर्झाचे वडील घोड्यांचे डॉक्टर. फवादने २०१८ साली आशियाई खेळांत दोन रौप्यपदके मिळवली आणि २०२१ साली तो टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळला. ही एका सुट्टीतली कमाई नव्हे. पंधरा-वीस वर्षे रोज पहाटे उठावे लागते. पैसाही फार लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसरी वाट रेसकोर्सची. मुंबईला हिवाळ्यात आणि पुण्याला पावसाळ्यात शर्यती होतात. तिथे उमेदवारी करून मुले जॉकी होतात. नव्या जॉकीला वजनात सवलत मिळते. जिंकलेल्या शर्यती वाढल्या की ती सवलत कमी होत जाते. पण जॉकीचे वजन पन्नास-पंचावन्न किलोच्या आसपास राहावे लागते. पोरगं वाढीला लागलं, हाडापेरानं थोराड निघालं, की ही वाट बंद. यात त्याचा काय दोष? वजन उतरवायला उपाशी राहिले तर प्रकृती बिघडते. पडून हाड मोडले तर महिनोन्‌महिने घरी बसावे लागते. अशा वेळी ज्याने शाळा सोडलेली असते, त्याने काय करावे?

आम्ही हयातभर मुलांना शिकवले. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की स्वारीसाठी शाळा सोडू देऊ नका. घोड्याभोवती पुष्कळ धंदे आहेत. दर पाच-सहा आठवड्यांनी नाल बदलावे लागतात. चांगल्या नालबंदाला काम कमी पडत नाही. जाणता मोतद्दार घोड्याच्या डोळ्यांवरून त्याचे दुखणे ओळखतो. कोणी स्वारीचे शिक्षक होतात, कोणी तरण्या घोड्यांना वळण लावतात. कोणाला पशुवैद्य व्हायचे असेल, तर जीवशास्त्र घेऊन बारावी व्हावे आणि पुढे पदवी घ्यावी. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली निघाले. शाळा पुरी केलेल्या मुलालाच त्याचे दार उघडते. नालबंदालासुद्धा हिशेब ठेवावा लागतो आणि मोतद्दाराला औषधाच्या बाटलीवरचे वाचावे लागते.

स्वारी शिकणाऱ्या दहा मुलांतून पदक एखादेच आणील, किंवा एकही आणणार नाही. पण मुक्या जनावराची काळजी, पडल्यावर पुन्हा बसण्याची हिंमत आणि वेळेची शिस्त दहाही जणांना मिळते. तुमच्या घरचे मूल घोड्याकडे ओढ घेत असेल, तर त्याला हटकू नका. आधी खरारा हाती द्या. महिनाभर कुरकुर न करता तो करील, तर समजा, पोर या धंद्यात टिकेल. आणि संध्याकाळी दप्तर उघडलेले आहे की नाही, तेही पाहत जा.