चार्जरला कळतं, सेल कधी भरला!

२००० एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) एक पेन्सिल सेल पूर्ण भरायला किती वीज लागते? सेलच्या पोटात मावते साधारण २.४ वॅट-तास. उष्णतेत आणि चार्जरमध्ये वाया जाणारी धरून दुप्पट लागली असं मानलं, तरी मीटरवरच्या एका युनिटमध्ये दोनशे सेल भरून निघतात. म्हणजे एका सेलमागे खर्च पाच-सात पैशांचा. इतकं स्वस्त असूनही कितीतरी घरांत रिचार्जेबल सेल वर्षभरात ‘बसतात’, ड्रॉवरच्या तळाशी जातात आणि घरातले पुन्हा वाण्याकडून साधे सेल आणू लागतात. दोष सेलच्या माथी मारला जातो. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा भिंतीवरच्या प्लगमध्ये असतो: चार्जर!

पाच मिलिव्होल्टची खूण

सेल भरला हे चार्जरला कसं कळतं? या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

आपले घरगुती रिचार्जेबल सेल असतात निकेल-मेटल हायड्राइड जातीचे. चार्जिंग सुरू झालं की त्यांचा व्होल्टेज हळूहळू चढत जातो, १.४ व्होल्टच्या पुढे सरकतो. सेल भरत आला की आत येणाऱ्या विजेला साठायला जागा उरत नाही. मग आत ऑक्सिजन तयार होऊ लागतो, तो दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा मिसळतो आणि या धांदलीत सेल तापतो. तापला की व्होल्टेज चढायचा थांबतो आणि किंचित खाली येतो. किती खाली? जेमतेम पाच ते दहा मिलिव्होल्ट. फार तर एका व्होल्टचा शंभरावा भाग! स्मार्ट चार्जरमधली चिप ही एवढीशी घसरण टिपते आणि वीज बंद करते.

म्हणून फार हळू चार्ज करणं सेलच्या हिताचं, हा समज पुरता खरा नाही. करंट अगदी कमी असेल तर सेल तापतच नाही, घसरण पुसट होते आणि चिपला ती दिसत नाही. २००० एमएएचच्या मोठ्या पेन्सिल सेलला ६०० ते १००० मिलिअँपिअर आणि ८०० एमएएचच्या छोट्याला २५० ते ४०० हा सुखाचा पल्ला. चार्जरवर निवडायची सोय असेल तर हे आकडे लक्षात ठेवा. चांगला चार्जर शिवाय तपमानावर नजर ठेवतो आणि वर घड्याळही लावतो. एक खूण हुकली तर दुसरी, दुसरी हुकली तर तिसरी.

लाइट गेली की पहिल्यापासून

स्वस्त चार्जरमध्ये यातलं काहीच नसतं. अगदी साध्या चार्जरला थांबणं ठाऊकच नसतं. सेल काढायची आठवण तुम्हीच ठेवायची. त्याहून बरा असतो तो टायमरवाला. ठरलेले तास झाले की तो बंद होतो, सेल आधीच अर्धा भरलेला होता की पुरता रिकामा, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

आणि आपल्याकडे लाइट जाते! बहुतेक टायमर चार्जर वीज परत आली की तास शून्यापासून मोजायला लागतात. सात तासांचा टायमर, पाच तास झालेले, दहा मिनिटं लोडशेडिंग, की पुन्हा सात तास. सेलने बारा तास मार खाल्ला. रात्रीतून दोनदा लाइट गेली तर विचारूच नका. स्मार्ट चार्जरही पुन्हा सुरू होतो, पण थोड्याच वेळात त्याला कळतं की सेल भरलेला आहे आणि तो थांबतो. महाराष्ट्राच्या ज्या भागात वीज वरचेवर जाते तिथे तर स्मार्ट चार्जर ही चैन नाहीच, गरज आहे.

दिवे मोजा

दुकानात चार्जर हातात घेतला की आधी दिवे मोजा. खण चार आणि दिवे दोन असतील तर तो बहुधा जोडीने चार्ज करणारा आहे. जोडीतला एक सेल अर्धा भरलेला आणि दुसरा रिकामा असेल, तर पहिला जादा तापतो आणि दुसरा उपाशी राहतो. शिवाय तीन सेल चार्ज करायचे असतील तर चौथा शोधत बसा. चार खणांना चार दिवे किंवा प्रत्येक खणाचा वेगळा आकडा दाखवणारा पडदा असेल तरच पुढे बोला. एकाच कंपनीचे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी टांगलेले असतात, त्यामुळे नुसतं नाव बघून घेऊ नका.

पदवी नसलेल्या शास्त्रज्ञाची देणगी

निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी बाजारात आणण्यात ज्याचा मोठा वाटा, तो स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की कधी कॉलेजात गेलाच नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रनचा हा मुलगा यंत्रशाळेत हत्यारं घडवणारा कारागीर होता. पुढे त्याने आणि त्याची बायको आयरिस हिने १९६० मध्ये स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. याच जातीचे सेल १९९७ मध्ये टोयोटाच्या पहिल्या प्रियस मोटारीत बसले, तेही टॉर्चच्या मोठ्या सेलच्या आकाराचे!

एक दुखणं मात्र उरलं होतं. भरून ठेवलेला सेल नुसता पडल्या-पडल्या महिन्या-दोन महिन्यांत बराचसा उतरायचा. टॉर्चमध्ये घालावा आणि गरजेला अंधार! २००५ च्या नोव्हेंबरमध्ये जपानच्या सान्यो कंपनीने ‘एनेलूप’ आणला आणि हे दुखणं संपवलं. वर्षभर न वापरताही बहुतांश चार्ज टिकवणारा सेल. आज इतरही कंपन्या असे सेल करतात. पाकिटावर आधीच चार्ज केलेला, वापरायला तयार असं लिहिलेलं असेल तर तो याच जातीचा. डोळे मिटून हाच घ्या, चार-दोनशे एमएएच कमी असले तरी.

आकड्यांची फसवणूक

मोठ्या पेन्सिल सेलमध्ये खरोखर मावतात फार तर २५०० ते २८०० एमएएच. पाकिटावर ३६०० किंवा ४६०० छापलं असेल तर ते खोटं आहे, चर्चा संपली.

दुसरी मेख एककाची. टाइप-सीची खाच असलेले लिथियम सेल हल्ली सर्वत्र दिसतात. त्यांच्यावर ३००० लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरांत एकक असतं मिलिवॅट-तास. १.५ व्होल्टने भागलं की हाती येतात २००० एमएएच. या सेलच्या आत एक छोटं सर्किट बसवलेलं असतं, ते ३.७ व्होल्टचे १.५ करतं. त्यामुळे ते साध्या निकेलच्या चार्जरमध्ये कधीही घालू नका. त्याच सर्किटची सूक्ष्म खरखर रेडिओच्या मध्यम लहरींवर ऐकू येऊ शकते. आकाशवाणी ऐकणाऱ्या आजोबांच्या रेडिओला निकेलचेच सेल बरे.

हेच टॉर्चच्या मोठ्या सेलचंही. रिचार्जेबल मोठा सेल हातात हलका लागला तर समजा, आत पेन्सिल सेलच आहे आणि बाकी पोकळी. १०००० एमएएचच्या खऱ्या सेलचं वजन दीडशे ग्रॅमच्या पुढे जातं.

१.२ म्हणजे कमी नव्हे

‘साधा सेल १.५ व्होल्टचा, हा १.२ चाच, मग चालणार कसा?’ हा प्रश्न दर घरात येतो. अल्कलाइन सेल १.५ ला सुरू होतो आणि घसरत जातो. अर्धाअधिक संपेपर्यंत तोही १.२ ला आलेला असतो. निकेलचा सेल मात्र जवळजवळ शेवटपर्यंत १.२ धरून ठेवतो. मुलांची मोटार किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश, जिथे विजेचा उपसा मोठा, तिथे तर तो अल्कलाइनला सहज मागे टाकतो. फक्त बीपीच्या मशीनसारख्या उपकरणांवरची सेलची खूण अल्कलाइनच्या हिशेबाने लावलेली असते, म्हणून भरलेला सेलही तिथे अर्धा दिसू शकतो. घाबरू नका.

दोन जागा मात्र सोडून द्या. भिंतीवरचं घड्याळ इतकी कमी वीज पितं की साधा सेल त्यात वर्षभर आरामात जातो. तिथे चांगला रिचार्जेबल अडकवणं म्हणजे नासाडी. आणि गॅस गिझर. त्यातले दोन मोठे सेल मिळून ३ व्होल्टची ठिणगी अपेक्षित असते, २.४ वर ती अडखळू शकते. तिथे अल्कलाइनच घाला.

उपग्रहातून आलेली समजूत

‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नका, नाहीतर सेलला सवय लागते.’ ही समजूत निकेल-कॅडमियमच्या जमान्यातली. कृत्रिम उपग्रहांतल्या बॅटऱ्या दर फेरीत तंतोतंत तेवढ्याच वापरल्या जात आणि तेवढ्याच भरल्या जात, तिथे हा परिणाम दिसला. आपल्या घरात कोण इतकं काटेकोर वागतं? आजचे सेल अर्धे उतरले तरी खुशाल चार्ज करा. उलट पुरता उतरवण्यातच धोका आहे. टॉर्च चालू राहिली आणि दोन सेलमधला एक आधी संपला, तर दुसरा त्याच्यातून उलटी वीज ढकलतो आणि अशक्त सेल कायमचा जायबंदी होतो. म्हणून नवे-जुने एकत्र घालायचे नाहीत. मार्करने जोड्यांवर अ-अ, ब-ब असं लिहून ठेवा आणि जोडी फोडू नका.

महिनोन्महिने पडून पार मेलेला सेल काही स्मार्ट चार्जर ओळखतच नाहीत, त्याला बिघडलेला ठरवून परत करतात. तो नेहमीच बाद नसतो. चांगल्या चार्जरमध्ये ‘रिफ्रेश’ची सोय असते: सेल भरायचा, उतरवायचा, पुन्हा भरायचा. दोन-तीन फेऱ्यांत सुस्तावलेला सेल कित्येकदा ताजा होतो आणि त्याची खरी क्षमता पडद्यावर दिसते. ही सोय आवडीने वापरावी अशी आहे. घरातल्या सगळ्या सेलची एकदा हजेरी घ्या, कमकुवत कोण ते लगेच कळेल.

सेलवरची अक्षरं वाचा

सेलवर बारीक अक्षरांत आंतरराष्ट्रीय खूण असते. ‘एचआर६’ म्हणजे रिचार्जेबल पेन्सिल सेल, ‘एलआर६’ म्हणजे अल्कलाइन, नुसतं ‘आर६’ म्हणजे साधा जस्त-कार्बन. रिमोटच्या छोट्या सेलला ६ च्या जागी ०३ येतं. चार्जरमध्ये फक्त ‘एच’वाले जातात. अल्कलाइन सेल चार्जरला लावला तर आतलं दाहक पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊ शकतं. बरेच स्मार्ट चार्जर असा सेल ओळखून नकार देतात, साधे मात्र मुकाट्याने वीज ढकलत राहतात. रिमोटमध्ये अल्कलाइनने पांढरा थर धरलाच असेल, तर सेल काढून टाका, कापसाच्या काडीवर लिंबाचा रस घेऊन स्प्रिंग पुसा आणि कोरडी करा. अल्कलीला आम्लाचा उतारा.

उन्हाळा आणि चार्जर

चार्जिंगला सोसतं तपमान फार तर ४०-४५ अंश. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे भर दुपारी खिडकीत चार्जर ठेवला तर सेल नीट भरतच नाही आणि आयुष्यही घटतं. पहाटे किंवा रात्री, पंख्याखाली, फरशीवर ठेवा. चार्जिंग संपताना सेल कोमट लागणं ठीक. हातात धरवत नसेल तर तो चार्जर वापरायचा बंद करा. आणि भरलेले सेल सुटे खिशात टाकू नका. किल्ल्यांनी दोन टोकं जुळली की चटका बसेल इतकी वीज वाहते. दहा-वीस रुपयांची प्लॅस्टिकची डबी पुरते. ट्रेकला जाणाऱ्यांनी हेडटॉर्चसाठी ती घ्यावीच.

बाद झालेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. त्यात निकेल आणि दुर्मीळ मृदा धातू असतात, ते परत मिळवता येतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

या दिवाळीत खरेदी करायचीच असेल तर चार मोठे पेन्सिल सेल, चार छोटे आणि प्रत्येक खण वेगळा सांभाळणारा एक स्मार्ट चार्जर एवढं घराला पुरे. पैसे कमी पडले तर सेल चारच घ्या, पण चार्जर मात्र चांगलाच घ्या.