स्कॅन केलं की ‘शून्य चॅनल’! कॉम्प्युटरवर फ्री डिश लावताना गाडी नेमकी अडते कुठं?

नगर-सोलापूर रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं मिरजगाव. अशा गावात घरोघरी दिसणारं एक चित्र घ्या. टीव्ही एकच आणि त्यावर मालिका चालू. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलेला. छतावर छत्री आहेच. मग कुणीतरी सुचवतं, सॅटेलाईट ट्यूनर मागव, छत्रीची वायर त्यात लाव आणि कॉम्प्युटरवर फुकटात चॅनल बघ.

ट्यूनर येतो, वायर लागते, स्कॅनचं बटण दाबलं जातं. पट्टी सरकत सरकत शंभर टक्क्यांवर जाते आणि खाली लिहून येतं, सापडलेले चॅनल शून्य. पुन्हा स्कॅन, पुन्हा शून्य. मग ट्यूनरच खराब निघाला असं ठरवून तो परत पाठवला जातो किंवा नवा एलएनबी विकत आणला जातो. बहुतेक वेळा यातल्या कशाचीच गरज नसते.

आता एवढा आटापिटा कशासाठी? प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावानं सुरू झाली, आज तिला आपण डीडी फ्री डिश म्हणतो. महिन्याचं रिचार्ज नाही. पण मनोरंजनापेक्षा मोठा मुद्दा शिक्षणाचा आहे. २०१७ पासून ‘स्वयं प्रभा’चे शैक्षणिक चॅनल सॅटेलाईटवरून दिसतात. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, ‘पीएम ई-विद्या’खाली पहिली ते बारावी प्रत्येक इयत्तेला एक चॅनल आला आणि २०२२ च्या बजेटमध्ये हे १२ चॅनल २०० पर्यंत नेण्याची घोषणा झाली. दहावीच्या पोराला यासाठी मोबाईलचा डेटा जाळावा लागत नाही. फक्त चॅनल सापडायला हवेत.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. पूर्वी मॉनिटरला जोडून केबल टीव्ही बघायचे ते स्वस्त टीव्ही ट्यूनर या कामाचे नाहीत. ते केबलचा ॲनालॉग सिग्नल पकडायचे. सॅटेलाईटसाठी डीव्हीबी-एस किंवा डीव्हीबी-एस२ लिहिलेलाच ट्यूनर लागतो. घ्यायचाच असेल तर एस२ घ्यावा, कारण तो जुनं आणि नवं दोन्ही प्रसारण पकडतो. नुसता एस असलेला एस२ वरचे चॅनल कधीच दाखवणार नाही, कितीही स्कॅन करा.

आता मूळ दुखणं. सॉफ्टवेअरमध्ये दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. लोक स्ट्रेंग्थ बघून खूश होतात. ७०-८० टक्के आहे म्हणजे सिग्नल येतोय! तसं नसतं. एलएनबीला वीज मिळाली की तो स्वतःचीच खरखर वाढवून खाली पाठवतो आणि ट्यूनर तीसुद्धा स्ट्रेंग्थ म्हणून मोजतो. छत्री चुकीच्या दिशेला असली तरी ही पट्टी भरलेली दिसू शकते. बघायची ती क्वालिटी. ती शून्य असेल तर स्कॅन बंद करा, कारण ट्यूनरला कुठलंच प्रसारण समजलेलं नाही.

म्हणून आधी सगळं आकाश स्कॅन करायच्या फंदात न पडता एकच फ्रिक्वेन्सी हातानं भरायची. फ्री डिशची एक नेहमीची फ्रिक्वेन्सी आहे ११०९०, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. अधूनमधून बदल होतात, त्यामुळे प्रसार भारतीच्या वेबसाईटवर चालू आकडे एकदा बघून घ्यावेत. इथं एक गंमत होते. विंडोजवरच्या प्रोगडीव्हीबीसारख्या प्रोग्रॅममध्ये २९५०० असंच लिहायचं असतं, पण लिनक्सच्या काही स्कॅन फायलींमध्ये तोच आकडा २९५०००००, आणि फ्रिक्वेन्सी ११०९०००० अशी लागते. तीन शून्यं राहिली की निकाल शून्य.

आकडे बरोबर असूनही क्वालिटी येत नसेल तर पहिला संशय एलएनबीच्या सेटिंगवर घ्यावा. सॅटेलाईटची ११०९० मेगाहर्ट्झची लहर वायरीतून खाली येऊ शकत नाही, म्हणून एलएनबी तिच्यातून ९७५० वजा करतो. उरले १३४०. ट्यूनरला साधारण ९५० ते २१५० मधलंच समजतं, त्यामुळे १३४० चालतं. पण सॉफ्टवेअरमध्ये एलएनबी फक्त १०६०० असा निवडलेला असेल, तर हिशोब ४९० वर येतो. मोठ्या जाळीच्या छत्रीचा, म्हणजे सी-बँडचा ५१५० राहिला असेल तर तोही कक्षेबाहेर जातो. ट्यूनर भलत्याच जागी शोधत बसतो. तिथं ‘युनिव्हर्सल, ९७५०/१०६००’ निवडायचं. छत्री एकच असेल तर डायसेकचा पर्याय बंद ठेवायचा. निम्म्याहून जास्त भानगडी इथंच मिटतात.

दुसरा संशय विजेवर. एलएनबीला वीज वायरीतूनच जाते, व्हर्टिकलसाठी १३ व्होल्ट, हॉरिझॉन्टलसाठी १८. यूएसबी पोर्ट देतो ५ व्होल्ट. म्हणूनच बऱ्याच यूएसबी ट्यूनरसोबत वेगळा अडॅप्टर येतो आणि तो न लावता लोक स्कॅन करत बसतात. इलेक्ट्रिशियनकडं मल्टीमीटर असेल तर ट्यूनरच्या पिनवर व्होल्टेज आहे का, ते मिनिटात कळतं. वायरीच्या टोकाला जाळीची एखादी तार मधल्या तांब्याला चिकटली असेल तर शॉर्ट होऊन ट्यूनर वीज तोडतो. सेटटॉप बॉक्स आणि कॉम्प्युटर दोघांना साध्या स्प्लिटरनं एकच वायर वाटून दिली असेल, तर दोघंही एलएनबीला वेगवेगळे हुकूम सोडतात. तपासताना बॉक्सची वायर काढून ठेवावी.

एवढं करूनही काही नाही, तर मग छतावर जायचं.

फ्री डिश येते जीसॅट-१५ वरून. ११ नोव्हेंबर २०१५ ला हा उपग्रह फ्रेंच गयानातल्या कुरूमधून सुटला, त्याची जागा ९३.५ अंश पूर्व. मिरजगावातून बघितलं तर उत्तरेपासून उजवीकडं मोजत साधारण १३४ अंशांवर, म्हणजे जवळजवळ बरोबर आग्नेयेला, आणि जमिनीपासून साधारण ६० अंश उंच. छत्री मात्र इतकी आकाशाकडं तोंड केलेली दिसणार नाही. तिचा एलएनबी मधोमध नसून खाली असतो, त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. यालाच अनेक जण फसतात.

घरात आधीपासून टाटा प्लेची छत्री असेल तर ती ८३ अंशांवरच्या उपग्रहाकडं, म्हणजे मिरजगावातून जवळपास १५६ अंशांवर रोखलेली असते. ती पूर्वेकडं २२ अंश फिरवल्याशिवाय फ्री डिश दिसणार नाही. डिश टीव्हीचा ९५ अंशांवरचा उपग्रह मात्र अगदी शेजारी आहे. त्यामुळे क्वालिटी दिसते, पण चॅनल भलतेच येतात किंवा सगळ्यांवर कुलूप असतं. कुलपाचं आणखी एक कारण म्हणजे सन डायरेक्टही ९३.५ वरच आहे. ते पैशांचे चॅनल आहेत, ट्यूनर त्यांची नावं दाखवेल, चित्र नाही. तो बिघाड नाही.

दिशा बघायला मोबाईलचं होकायंत्र चालतं, पण पत्र्यावर किंवा लोखंडी खांबाजवळ उभं राहून नाही, कारण लोखंडानं काटा भरकटतो. छत्री फिरवताना एका वेळी बोटभरच फिरवायची आणि दोन-तीन सेकंद थांबायचं. खाली कॉम्प्युटरसमोर एकजण क्वालिटी ओरडून सांगणारा हवा किंवा फोन चालू ठेवायचा. क्वालिटी आली की ‘नेटवर्क सर्च’वर टिक करून स्कॅन लावायचं, मग बाकीच्या फ्रिक्वेन्सी ट्यूनर आपोआप उचलतो.

चॅनलची नावं आली, आवाज येतो पण चित्र काळं? मग छतावर परत चढू नका. तो चॅनल एमपेग-४ मध्ये असतो आणि कॉम्प्युटरमध्ये त्याचा कोडेक नसतो. व्हीएलसीमध्ये लावून बघितलं की समजतं.

महिनोन्महिने नीट चाललेले चॅनल अचानक गायब झाले तर आधी पुन्हा स्कॅन करावं. फ्री डिशच्या जागांचा लिलाव होतो आणि यादी बदलत राहते. एप्रिल २०२२ मध्ये स्टार उत्सव, झी अनमोल असे चॅनल निघून गेले तेव्हा छत्री दुरुस्त करायला माणसं बोलावलेल्यांची कमी नव्हती.

राहता राहिलं झाड. समोरचा कडुनिंब आड येतो का, हे कळायला एक फुकटची युक्ती आहे. दरवर्षी १२ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या आगेमागे, सकाळी अकराच्या सुमारास, मिरजगावातून सूर्य बरोबर जीसॅट-१५ च्या मागं येतो. त्या काही मिनिटांत चित्र आपोआप फुटतं, तेव्हा सेटिंगला हात लावायचा नाही. फक्त छत्रीवर सावली कशाची पडली आहे ते बघायचं. फांदीची असेल, तर कापायची फांदी तीच.