आधी कूलर, मग फिल्टर, मग इंजिन
बोटीच्या इंजिनाबाबत धायरीत मिळालेला धडा

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. इंजिन, बेअरिंग, ऑइल कूलर हा आमचा प्रांत नव्हे. परंतु रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील एका मच्छीमार बोटीत आमच्या साडूंबरोबर आमचीही थोडी भागी आहे, आणि जेथे पैसा गुंतला तेथील बारकावे शिकणे व्यापाऱ्याला भागच पडते. आम्ही ते नुकसान सोसून शिकलो. आमच्या वाचकांत बोटमालक आहेत, फिटर आहेत, लेथवाले आहेत. त्यांना हे नुकसान न सोसता शिकता यावे, म्हणून हा लेख.

हकिकत अशी. पावसाळी बंदीच्या काळात बोटीचे टर्बो डिझेल इंजिन खोलावे लागले. बेअरिंग झिजले होते. क्रँक घासून घेतला, नवी बेअरिंगे बसवली, बिल चुकते केले. मूळ फिल्टर अडचणीच्या जागी होता म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने तो होज पाइप लावून बाहेर भिंतीवर आणला. काम देखणे दिसत होते. हंगाम सुरू झाला आणि पाचव्याच फेरीत, किनारा दिसेनासा झाल्यावर, इंजिन जाम झाले. बोटीवर तांडेल आणि खलाशी मिळून अकरा माणसे होती. दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढत आणले म्हणून सारे सुखरूप घरी आले. वारा फिरला असता तर काय झाले असते, हा विचार आजही झोप उडवतो.

आमचे गोदाम धायरी फाट्याजवळ आहे. धायरी-नऱ्हे भागात लेथ, फॅब्रिकेशन आणि होज पाइपची कामे करणाऱ्या शेड जागोजागी आहेत. पुण्याला इंजिनाचे काम नवे नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 पासून आणि कोथरूडचा कमिन्सचा कारखाना 1962 पासून, त्यामुळे इंजिन जाणणारे हात या शहरात पुष्कळ. साडूंनी कूलर, फिल्टरचे डोके आणि सगळ्या नळ्या टेम्पोत घालून आमच्याकडे पाठवल्या. आम्ही त्या ओळखीच्या एका मिस्त्रींच्या शेडमध्ये नेल्या.

मिस्त्रींनी कूलर उघडला, पांढऱ्या फडक्यावर उलटा धरून ठोकला. फडक्यावर चांदीसारखा बारीक चुरा पडला. म्हणाले, "शेठ, इंजिन नवं झालं, पण कूलर जुनाच राहिला. पहिलं बेअरिंग घासलं त्याचा चुरा यात बसून होता. तोच नव्या बेअरिंगांत गेला."

आम्ही विचारले, "मग फिल्टर कशासाठी होता?"

"फिल्टर आधी लावला होता, कूलर नंतर. गाळलेलं तेल पुन्हा घाणीतून नेलं."

हे आम्हाला लगेच पटले. रंगारी रंग गाळतो तो कापडाला लावण्याच्या अगदी आधी. गाळून झाल्यावर तो मळक्या हंड्यात कोणी ओतत नाही. तेलाचा सरळ रस्ता असा: चेंबरमधून पंप, पंपातून कूलर, कूलरमधून फिल्टर आणि फिल्टरमधून थेट इंजिन. काहीजण कूलर स्वच्छ राहावा म्हणून फिल्टर आधी लावतात. त्यांचेही म्हणणे अगदी चुकीचे नाही, पण कूलरमध्ये काही सुटले तर पुढे अडवणारे कोणी नसते. बेअरिंग गेलेल्या इंजिनाचा कूलर तर बदललेलाच बरा, कारण बारीक नळ्यांतला चुरा धुऊन निघाला याची खात्री देता येत नाही.

कूलर लागतोच कशाला, असे कोणी विचारेल. मोटार खंबाटकीचा घाट दहा-पंधरा मिनिटे चढते, मग उतार लागतो. वेगवान बोट मात्र तासन् तास घाटच चढत असते. शिवाय टर्बोच्या बेअरिंगांना वंगण आणि गारवा याच तेलातून मिळतो. तेल फार तापले की पातळ होते आणि बेअरिंगवरचा त्याचा थर तुटतो. मात्र तेल फार थंडही नको. ते शंभर अंशांच्या आसपास गेले नाही तर त्यात मुरलेला ओलावा उडत नाही. म्हणून जाणकार कूलरच्या वाटेवर थर्मोस्टॅट बसवतात.

दुसरा दोष नळ्यांचा निघाला. इंजिनाचे तोंड पाऊण इंची, आणि बसवलेली नळी अर्ध्या इंची. पैसे वाचले, पण हिशेब पाहा. पाऊण इंची नळीचे तोंड अर्ध्या इंचीच्या सव्वादोन पट असते, आणि दाट तेल तेवढेच वाहायचे तर अर्ध्या इंचीत त्याला सुमारे पाचपट अडथळा होतो. त्यात चार एल्बो. प्रेशर गेजची नळीही पंपालगत जोडलेली. तेथे प्रेशर भरपूर दिसत होते आणि पुढे बेअरिंग उपाशी होते. गेज फिल्टरच्या पुढे, तेल इंजिनात शिरते तेथे हवा.

मिस्त्रींनी आणखी काही गोष्टी बजावल्या. फिल्टरच्या डोक्यावरचे 'इन' आणि 'आउट' उलटे जोडले तर आतली झडप तेल अडवते. नळी तेल सोसणारी, तारेच्या जाळीची हवी आणि कोठेही घासता कामा नये. कूलरमध्ये जस्ताची कांडी असल्यास ती अर्धी झिजताच बदलावी, कारण खारे पाणी तिला आधी खाते आणि कूलर वाचतो. कूलर आतून फुटला तर इंजिन चालू असताना तेल समुद्रात जाते आणि बंद असताना पाणी तेलात येऊ शकते. तेल दुधाळ दिसले तर इंजिन चालू करू नये. नवी जोडणी झाल्यावर फिल्टर तेलाने भरावा, डिझेल बंद ठेवून गेज हलेपर्यंत इंजिन फिरवावे, मग सुरू करावे. थोड्या वेळाने बंद करून तेलाची पातळी पुन्हा पाहावी, कारण नळ्या आणि कूलर बरेच तेल पितात.

नवा कूलर, पाऊण इंची नळ्या आणि योग्य जागी गेज, या साऱ्याचा खर्च दुसऱ्यांदा क्रँक घासण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी आला. बोट पुन्हा समुद्रात आहे. दोष एकट्या दुरुस्ती करणाऱ्याचा नव्हता. आम्हीच सर्वांत कमी आकड्याचे कोटेशन पसंत केले होते, आणि त्यात कूलरचा उल्लेखच नाही हे आमच्या नजरेतून सुटले. कापड घेताना आम्ही ताग्याचा शेवटचा मीटरही उलगडून पाहतो. येथे मात्र कागद नीट वाचला नाही.

तेव्हा बोटमालक बंधूंनी बिल देण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारावेत: कूलर बदलला का? फिल्टर त्याच्या पुढे आहे का? गेज कोठे जोडला आहे? आणि कारागीर बंधूंनी हा खर्च कोटेशनमध्ये स्वच्छ लिहावा. आकडा थोडा वाढेल, एखादे गिऱ्हाईक कुरकुरेल. पण त्या बोटीवर दहा-बारा घरांची माणसे असतात, एवढे त्याला समजावून सांगावे.