टिळकनगरची बाटली

डिसेंबर १९३३मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि केंटकीत सत्तरीला टेकलेले जेम्स बीम आपल्या घराण्याची बंद पडलेली डिस्टिलरी पुन्हा उभारायच्या मागे लागले. त्याच वर्षी नगर जिल्ह्यात, दौंड-मनमाड मार्गावरच्या तेव्हाच्या बेलापूर रोड (आजच्या श्रीरामपूर) भागात, महादेव डहाणूकर यांनी ‘महाराष्ट्र शुगर मिल्स’ ही कंपनी काढली. बीमना व्हिस्कीच करायची होती, डहाणूकरांना साखर. आज दोन्ही घराणी दारूच्या धंद्यात आहेत. बीमचे नाव मात्र जगभर बाटलीवर झळकते आणि डहाणूकर म्हटले की मराठी माणसाला पार्ल्याचे कॉमर्स कॉलेज आठवते. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरातून सुरू झालेली एक ब्रँडी देशातल्या सर्वाधिक खपाच्या ब्रँडींमध्ये मोडते, हे नगरच्या माणसालाही सांगावे लागते.

हा कारखाना इथेच का, याचे उत्तर पाण्यात आहे. १९२६मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि दुष्काळी राने बागायती झाली. त्याआधीच हरिगावला इंग्रजांच्या बेलापूर कंपनीने उसाचा जम बसवला होता. १९३२मध्ये सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवताच देशात कारखान्यांची लाट आली. डहाणूकर त्या लाटेत उतरले आणि वसाहतीला त्यांनी लोकमान्यांचे नाव दिले. १९०८मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन करवणाऱ्या टिळकांचे नाव पुढे एका मद्य कंपनीला मिळावे, हा योग कोणी ठरवून जुळवून आणलेला नाही. तो मळीने आणला.

ही मळी जवळून पाहण्यासारखी आहे. टनभर ऊस गाळला की चाळीस-पंचेचाळीस किलो मळी उरते. काळी, चिकट, साखर काढून घेतली तरी अंगात गोडी धरून बसलेली. सुरुवातीच्या काळात देशभरच्या कारखान्यांना तिची विल्हेवाट कशी लावावी हाच प्रश्न होता. ती रस्त्यांवर ओतून झाली, खड्ड्यांत पुरून झाली. पण हीच मळी दारूचा कच्चा माल आहे: पाणी घालून पातळ करा, यीस्ट सोडा. टाकी फेसाळते, आणि दीड-दोन दिवसांत त्या रसात सात-आठ टक्के अल्कोहोल उतरते. उंच स्तंभांतून ते वर चढवत नेले की शेवटी जवळपास ९६ टक्क्यांचे, रंग-वास-चव नसलेले स्पिरिट हाती येते. व्यवहारात त्याला ईएनए म्हणतात. टनभर उसामागे असे दहाएक लिटर. त्यात पाणी घालून ते ४२.८ टक्क्यांवर आणले, की मोठ्या बाटल्या सुमारे तीस भरतात. साखरेपेक्षा यात पैसा अधिक, हे ओळखायला अर्थशास्त्र लागत नाही.

इथेच बीमची बुर्बन व्हिस्की आणि आपली दारू यांच्या वाटा फुटतात. बुर्बनला किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेले पिंप चालत नाही. १९६४मध्ये अमेरिकन काँग्रेसने तिला खास अमेरिकेचे उत्पादन म्हणून मान्यता दिली. तिथे चव मक्याची, लाकडाची आणि काळाची. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की-ब्रँडी-रममध्ये मूळ अंग ईएनएचे, चव जुळवणीची. म्हणून मळीच्या स्पिरिटवर बेतलेली भारतीय व्हिस्की युरोपात व्हिस्की म्हणून विकता येत नाही. ब्रँडी म्हणजे खरे तर द्राक्षाचा अर्क. इथल्या ब्रँडीत द्राक्षाच्या स्पिरिटचा वाटा असतो, पण बाकी भार उसाचाच. शेजारी नाशिकला एवढी द्राक्षे पिकत असताना नगरच्या ब्रँडीने उसावर उभे राहावे, हे मला जरा खटकते. पण गिऱ्हाईक ज्या भावाला बाटली मागते, त्या भावात द्राक्ष बसत नाही.

डहाणूकरांच्या धंद्याला वळण लागले त्यात जमिनीचाही हात असावा, असे मला वाटते. खासगी कारखान्यांनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या हजारो एकर जमिनी १९६१च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेल्या. टिळकनगर-हरिगावचे मळे त्यातच. खंडकऱ्यांनी त्या परत मिळवण्यासाठी अर्धे शतक लढा दिला. तो वेगळ्या लेखाचा विषय. दुसरीकडे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला आणि जिल्हाभर सहकाराचे गाळप सुरू झाले. हातचा ऊस गेला आणि भोवती सहकार माजला, अशा वेळी खासगी घराण्याला साखरेत फार भविष्य उरत नाही. साखर मागे पडत गेली, मद्य पुढे आले आणि कंपनीचे नावही ‘टिळकनगर इंडस्ट्रीज’ झाले.

वाण सांगायचे तर आधी मॅन्शन हाउस ब्रँडी. १९८०च्या दशकात डच कंपनीशी केलेल्या करारातून हे नाव इथे आले, आणि पुढे नाव नक्की कोणाचे यावर त्या कंपनीशी वर्षानुवर्षे कोर्टकज्जा चालला. दुसरी कुरियर नेपोलियन. तिच्या नावात फ्रान्स. सॅव्हॉय क्लब आणि ब्लू लगून या जिन, सीनेट रॉयल व्हिस्की, आणि मदिरा नावाची रम. एवढ्या यादीत देशी नाव फक्त त्या रमचे! २०२२मध्ये फळांच्या स्वादाची ‘फ्लँडी’ आली, आणि अलीकडे वरच्या किमतीची मोनार्क लेगसी. बीमकडेही वाण कमी नाहीत: चार वर्षे मुरलेली पांढऱ्या लेबलची, त्याहून जुनी काळ्या लेबलची, १९८८ची बुकर्स, नॉब क्रीक, बेसिल हेडन. पण बुकर हे जेम्स बीम यांच्या नातवाचे नाव. तिथे नातू लेबलवर चढतो, इथे आजोबा कंपनीच्या वार्षिक अहवालात राहतात.

यात डहाणूकरांचा संकोच किती आणि बाजाराचा हिशेब किती, ते बाहेरून सांगता येत नाही. माझ्या मते हिशेबच अधिक. मॅन्शन हाउस विकली जाते ती मुख्यतः आंध्र, तेलंगण, कर्नाटक, केरळ आणि पुदुच्चेरीत. दक्षिणेत ब्रँडी हेच रोजचे पेय. आपल्याकडे ती अजून औषधाच्या बाटल्यांच्या रांगेत, सर्दीला चमचाभर म्हणून. दक्षिणेतल्या ग्राहकाला श्रीरामपूर किंवा डहाणूकर ही नावे काय सांगणार? जुना परदेशी वाडा मात्र सगळ्यांना कळतो.

शिवाय नगर जिल्ह्याचे दारूशी नाते सरळ नाहीच. राळेगणसिद्धीत अण्णा हजारेंनी गाव दारूमुक्त केले, महिलांच्या मतदानाने दारूचे दुकान बंद पाडण्याचा, बाटली ‘आडवी’ करण्याचा मार्ग राज्याने पाहिला. फेब्रुवारी २०१७मध्ये पांगरमलला निवडणुकीच्या जेवणात विषारी दारू वाटली गेली आणि माणसे मेली. सहकारी साखर कारखान्यांच्या आवारातही डिस्टिलऱ्या आहेत आणि त्यांचे संचालक व्यसनमुक्तीच्या सभांना अध्यक्ष म्हणून बसतात. स्पेंटवॉशच्या, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या वासाबद्दल आसपासच्या गावांत विचारून पाहा. अशा मुलखात कोणी आपले आडनाव अभिमानाने बाटलीवर छापेल, ही अपेक्षाच जरा शहरी आहे.

मधली वर्षे टिळकनगर इंडस्ट्रीजला जड गेली. कर्ज वाढले, त्याची पुनर्रचना करावी लागली. दक्षिणेत घाऊक खरेदीदार बहुतांशी सरकारी महामंडळ असते. ते पैसे कधी देईल यावर साऱ्या धंद्याची नाडी. अमित डहाणूकर यांच्या अध्यक्षतेखाली कंपनी त्यातून वर आली. तिकडे बीमची कथा उलटी झाली: २०१४मध्ये जपानच्या सनटोरीने तो सगळा कारभार सुमारे १६ अब्ज डॉलरला घेतला. घराण्याचे नाव राहिले, घराण्यातले फ्रेड नो डिस्टिलरही राहिले, घराण्याची मालकी मात्र त्याच्या कितीतरी आधीच गेली होती. टिळकनगरात नाव कधी नव्हतेच, मालकी टिकली.

जुलै २०२५मध्ये कंपनीने पर्नो रिकारकडून इंपीरियल ब्लू (बोलीत ‘आयबी’) हा व्हिस्कीचा ब्रँड सुमारे ४,१५० कोटी रुपयांना घेण्याचा करार जाहीर केला. ज्या ब्रँडची वार्षिक विक्री दोन कोटी पेट्यांच्या वर, तो स्वतःपेक्षा मोठा घास. त्यासाठी पुन्हा भांडवल उभारणे आले, कर्जही आले. जून २०२५मध्ये राज्य सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले आणि धान्यापासून केलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’चा नवा वर्ग काढला, तेव्हा स्वस्त बाटलीची स्पर्धा घरातच वाढणार. मळीला इथेनॉलचा ओढा आहेच. पेट्रोलमध्ये त्याचे मिश्रण २० टक्क्यांवर गेले आहे. पण व्हिस्की हाती आल्याने दक्षिणेपुरता असलेला हा धंदा उत्तरेत आणि महाराष्ट्रातही पसरतो. नगर-मनमाड रस्त्यावरच्या बारमध्ये मॅन्शन हाउस मागणारे गिऱ्हाईक विरळा. आयबीची क्वार्टर मागणारी मंडळी मात्र रोज तिथे असतात.