कोटणिसांच्या सोबत्याने आणलेली सुई

पेडगावच्या किल्ल्याखालून वाहणारी भीमा श्रीगोंदा तालुक्याची दक्षिण बाजू धरून पुढे सोलापूर जिल्ह्यात शिरते. त्या सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ कोटणीस जन्मले. भारतात चिनी सुईची विद्या कशी आली हे सांगायचे, तर सुरुवात या माणसापासून करावी लागते, जरी ती विद्या त्यांनी स्वतः आणलेली नाही.

सप्टेंबर १९३८मध्ये मुंबई बंदरातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला निघाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या त्या देशात जखमींची शुश्रूषा करायला काँग्रेसने ते धाडले होते. पथकात अटल, नागपूरचे चोळकर, कोलकात्याचे मुखर्जी आणि बिजॉय कुमार बसू, आणि आपले कोटणीस होते. कोटणीस परतलेच नाहीत. त्यांनी क्वो चिंगलान या परिचारिकेशी संसार थाटला, त्यांना मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी, ते तिथेच गेले. व्ही. शांताराम यांनी १९४६मध्ये त्यांच्यावर काढलेल्या चित्रपटामुळे ही कथा घरोघरी पोहोचली. कोटणिसांचे सोबती बसू मात्र मायदेशी परतले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर म्हणजे ही सुईची विद्या शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केले. मित्राच्या नावाने चालणाऱ्या स्मारक समितीच्या कामातूनही ही विद्या पुढे पसरली.

ही विद्या किती जुनी, याचा एक पुरावा कोटणीस जिथे शस्त्रक्रिया करत होते त्याच बाओडिंग परिसरात सापडला आहे. मानचेंग इथे १९६८मध्ये ल्यू शेंग या राजपुत्राचे थडगे उघडले, तेव्हा आत सोन्याच्या आणि चांदीच्या सुया मिळाल्या. हा राजपुत्र इसवी सनापूर्वी ११३मध्ये वारला होता. त्याहून अधिक मला थक्क करतो तो वांग वेइयी या वैद्याने घडवून घेतलेला १०२७ सालचा ब्राँझचा पुतळा. माणसाएवढ्या या पुतळ्यावर टोचण्याच्या प्रत्येक जागी बारीक भोक होते. परीक्षेच्या वेळी पुतळ्यात पाणी किंवा पारा भरून वरून मेणाचा थर देत. विद्यार्थ्याने बिंदू बरोबर ओळखला तर सुईच्या टोकाशी थेंब यायचा, चुकला तर सुई आतच जायची नाही. हजार वर्षांपूर्वी इतकी चोख प्रात्यक्षिक परीक्षा घेतली जात होती!

आजही जागा मोजायची पद्धत जुनीच आहे. पट्टी लागत नाही, मोजमाप रुग्णाच्याच बोटांनी होते. स्त्रियांच्या तक्रारींसाठी नेहमी वापरला जाणारा सानयिनज्याव हा बिंदू घोट्याच्या आतल्या हाडापासून चार बोटे वर, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला असतो. गरोदरपणी तो टाळावा, अशी जुनी शिकवण आहे. सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक आणि भरीव असते, तिच्यातून औषध जात नाही. ती बारीक नळीतून टिचकी मारून आत सरकवतात. नीट बसली की त्या जागी जडपणा, मुंग्या किंवा बोथट ठणका जाणवतो. चिनी वैद्य याला ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, आली असे म्हणतात.

आता मूल होण्याचा प्रश्न. लग्नाला चार-पाच वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की श्रीगोंद्यातली जोडपी नगरला दाखवतात, पुण्याला दाखवतात, मध्ये नवस, काढे, पथ्ये सगळे होते. अशा वाटेवर सुईचे नाव कानावर आले तर आशा वाटणारच, आणि ती आशा निराधार नव्हती. २००२मध्ये जर्मन डॉक्टर पाउलुस आणि सहकाऱ्यांनी टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेणाऱ्या १६० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुया टोचलेल्यांपैकी ४२.५ टक्के गरोदर राहिल्या, इतरांपैकी २६.३ टक्के. जगभर या आकड्यांचा बोलबाला झाला.

पण त्या अभ्यासात तुलनेसाठी खोटी सुई नव्हती. पुढे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८४८ स्त्रियांना घेऊन मोठी चाचणी झाली. एका गटाला खरी सुई, तर दुसऱ्याला बोथट, कातडीत न शिरणारी आणि भलत्याच जागी लावलेली. २०१८मध्ये निकाल आला: बाळ जन्मल्याचे प्रमाण खऱ्या सुईने १८.३ टक्के, खोट्या सुईने १७.८ टक्के. म्हणजे फरक नाहीच. त्याआधी, २०१७मध्ये, खुद्द चीनमधल्या पीसीओएस हा बीजांडकोशाचा विकार असलेल्या १००० स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल आला होता. तिथेही क्लोमिफीन या बीज तयार व्हायला मदत करणाऱ्या गोळीने बाळे जन्मण्याचे प्रमाण स्पष्ट वाढले, सुईने वाढले नाही. आपल्याच वारशाची इतकी कठोर परीक्षा घेऊन निकाल जसाच्या तसा छापणाऱ्या त्या चिनी डॉक्टरांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

म्हणून सुई वाया गेली असे नाही. शस्त्रक्रियेनंतरची आणि कर्करोगाच्या औषधांनी होणारी मळमळ तिने कमी होते, याचा पुरावा चांगला आहे. जुनाट पाठदुखी, गुडघेदुखीतही अनेकांना आराम पडतो. मूल हवे असलेल्या बाईला त्या धकाधकीत तासभर शांत पडून बरे वाटले, तर तेही मोलाचे. फक्त त्या तासाने तपासणीची जागा घेऊ नये. ही तपासणी दोघांचीही हवी. वीर्याची चाचणी स्वस्त आणि सोपी, तरी घरोघरी आधी सुनेलाच दवाखान्याच्या पायऱ्या चढायला लावतात. पस्तिशीनंतर तर दर वर्ष महत्त्वाचे असते.

महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा केला, त्याखाली परिषद आहे. केंद्रानेही २०१९मध्ये या उपचाराला मान्यता दिली. तेव्हा टोचणाऱ्याची नोंदणी विचारायला संकोच नको, आणि सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे; एकदा वापरलेल्या सुईने काविळीचा विषाणू पसरू शकतो. सोबत चिनी जडीबुटी दिली तर अधिक जपावे. बेल्जियममध्ये १९९०च्या सुमारास वजन उतरवायला दिलेल्या चिनी वनस्पतींत चुकून ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती मिसळली गेली आणि कितीतरी स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. पुडीत काय आहे हे लिहून मिळत नसेल तर ती घेऊ नये, आणि लिहून मिळाले तर तो कागद आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावा.