भीमबेटका : खडकावर हात नको, पाणी तर नकोच

आज जाऊया भीमबेटक्याला. भोपाळच्या दक्षिणेला साधारण ४५ किलोमीटर, रातापानीच्या सागवानी जंगलात.

ही कोरलेली लेणी नव्हेत. ऊन-वारा-पावसाने वालुकाश्म झिजला, वरचा कडा पुढे राहिला आणि खाली ओसरीसारखी जागा झाली. फौजी नजरेने बघा : डोक्यावर छप्पर, पाठीशी खडक, समोर लांबवर दिसणारं मैदान. तळ ठोकायला मीसुद्धा हीच जागा निवडली असती.

१९५७ मध्ये डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांना रेल्वेच्या डब्यातून हे खडक दिसले. ते पायी तिथे पोहोचले आणि चित्रं जगासमोर आली. या टेकड्यांत असे ७०० हून अधिक निवारे आहेत. पुढे उत्खननात दगडी हत्यारांचे थर सापडले. सर्वांत खालची लाखभर वर्षांहून जुनी. २००३ पासून हा जागतिक वारसा आहे.

पायवाटेने साधारण १५ निवारे पाहता येतात. चौथ्या क्रमांकाच्या खडकावर जनावरांची इतकी गर्दी आहे की त्याला ‘झू रॉक’ म्हणतात. तिथे थांबून कोणतं चित्र कशावर काढलंय ते शोधा. खालचं आधीचं, वरचं नंतरचं. ढाल-तलवारवाले घोडेस्वार दिसले तर ते शिकाऱ्यांच्या चित्रांपेक्षा बरेच अलीकडचे, ऐतिहासिक काळातले.

लाल रंग बहुतेक गेरूचा, म्हणजे लोहयुक्त दगडाचा. असा खनिज रंग उन्हाने सहसा विटत नाही, आणि पुढे आलेल्या कड्याने पाऊस अडवला. म्हणून तो हजारो वर्षं टिकला.

आता माझी चूक सांगतो. कॅप्टन असताना फोटोत रंग उठून दिसावा म्हणून मी एका चित्रावर बाटलीतलं पाणी मारलं. रंग क्षणभर खुलला. शेजारच्या म्हाताऱ्या चौकीदाराने फक्त विचारलं, “साहब, सब लोग ऐसा करेंगे तो?” मला उत्तर देता आलं नाही. पाणी सुकताना खडकातले क्षार पृष्ठभागावर येतात, पांढरी साय धरते आणि चित्र झाकलं जाऊ शकतं. हाताचा घाम आणि तेलही तसंच घातक.

कड्याने पावसापासून जे वाचवलं, ते मी एका बाटलीने बिघडवत होतो. तुम्ही दुर्बीण न्या, सकाळी लवकर जा, मुलांना दोन पावलं मागे उभं करा. आपल्याआधी तिथे पहारा देणारा खडक आहेच. आपण फक्त त्याचं काम अवघड करू नये.

जय हिंद.