मोडलेल्या पेट्रोल-पंपांच्या टाक्या व आपल्या विहिरी

पाण्यास वास येत नाहीं म्हणून तें निर्मळ, असा समज वाडीवाल्या मंडळींत सर्रास आढळतो. खारेपणाची परीक्षा जिभेनें होते हें खरें. परंतु पुरलेल्या टाकींतून झिरपलेल्या पेट्रोलची परीक्षा तशी होईलच असें नाहीं. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपर-मुलुंडकडे पंप मोडून त्या जागीं इमारती उठणें आतां नवें राहिलेलें नाहीं. याच उपनगरांत विहिरींचें पाणी टँकरनें विकलें जातें, आणि गोराई-मनोरीकडे तें भाजीच्या वाफ्यांत सोडलें जातें.

पोलादी टाकी गंजते, नळांचे सांधे सुटतात. तेल मुरुमांतून उतरून पाण्यावर तरंगतें. त्यांतील बेंझीन मात्र पाण्यांत विरघळतें. तें दीर्घकाळ पोटांत गेल्यास रक्ताचा कर्करोग होण्याचें भय असतें. जागतिक आरोग्य संघटनेनें पिण्याच्या पाण्यासाठीं लिटरमागें ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. हल्लींच्या पेट्रोलमध्यें बेंझीन शेंकडा १ पर्यंत असूं शकतें. त्या हिशेबानें एक लिटर पेट्रोल ८ लक्ष लिटरांहून अधिक पाणी त्या मर्यादेस पोंचवूं शकेल. इतक्या अल्पांश बेंझीनचा वास नाकास कळत नाहीं.

आपल्याकडील काळ्या कातळांत पाणी भेगांतून चालतें. म्हणून टाकीशेजारची विहीर स्वच्छ आणि दूरची दूषित, असेंही घडतें. पाण्याचा उतार समजण्यास निदान तीन निरीक्षण-विहिरी त्रिकोणांत हव्यात; कातळांत तेवढ्यानेंही निभत नाहीं. त्यांत जवळच टँकरसाठीं अहोरात्र उपसा चालत असेल, तर दूषित पाणी तिकडेच ओढलें जातें. पाण्याची पातळी ऋतुमानानें चढते-उतरते आणि मुरुमास चिकटलेलें तेल पुन्हां पाण्यांत येतें. यास्तव पावसाळ्यापूर्वीं व नंतर, असे दोन्हीं वेळां, वर्षानुवर्षें नमुने घेतले पाहिजेत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें जानेवारी २०२० मध्यें नव्या पंपांसाठीं सूचना काढल्या. आमची काळजी मोडलेल्या पंपांची आहे. टाकी कोठें होती हेंच प्रथम ठरावें लागतें, आणि महसुली दप्तरांत आयुष्य घालविल्यावर आम्ही सांगतों कीं, सात-बाराच्या उताऱ्यांत विहिरीची नोंद मिळते, टाकीची नव्हे. मात्र पेट्रोल साठविण्यास १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याखालीं परवाना लागतो, व मंजूर नकाशांत टाकीची जागा दाखविलेली असते. मुंबईंत त्यासाठीं पोलीस आयुक्तांचें ना-हरकत पत्रही लागतें. हे कागद मागावेत.

नमुना घेण्यापूर्वीं सांचलेलें पाणी उपसून टाकावें. कांचेची बाटली कांठोकांठ भरावी, आंत हवेचा बुडबुडा राहूं देऊं नये, व ती बर्फांत ठेवून सत्वर पोंचवावी. अर्जांत बेंझीनचें नांव स्पष्ट लिहावें. नुसतें ‘पाणी तपासावें’ असें लिहिल्यास क्षार, कठिणपणा व जंतु एवढेंच पाहून दाखला हातीं पडतो.